एकाच अपघाताच्या दोन जखमा

सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र (संक्षिप्त, नाव व गाव त्यांच्या इच्छेवरून दिलेले नाही) :

"माझे पती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. चौदा महिन्यांपूर्वी प्रशिक्षण आटोपून रात्री परतताना महामार्गावर मागून आलेल्या ट्रकने त्यांच्या मोटारसायकलला धडक दिली. मागे बसलेले त्यांचे सहकारी, वीस वर्षांचे मित्र, जागीच गेले. हेल्मेट एकच होते आणि ते यांच्या डोक्यावर होते. हे सहा दिवस बेशुद्ध होते. आता चालतात, बोलतात, जेवतात. बघणाऱ्याला काही झाले होते असे वाटतही नाही. पण घरी आलेला माणूस तो नव्हे. भांडे पडल्याचा आवाज झाला तरी अंगावर धावून येतात. एकदा नववीतल्या मुलीच्या दिशेने ताट भिरकावले. सकाळी सांगितलेले दुपारी आठवत नाही. रात्री दोन-अडीचला दचकून उठतात आणि अंगणात येरझाऱ्या घालतात. महामार्गावरून जायचे म्हटले की घाम फुटतो. मित्राच्या घरी एकदाही गेलेले नाहीत. नवल म्हणजे अपघाताचे त्यांना काहीच आठवत नाही. 'मी का वाचलो' एवढेच म्हणतात. सासूबाई म्हणतात, बाहेरचे काही आहे. देवऋषीकडे नेऊन आणले. जाऊबाई म्हणतात, नोकरी नको म्हणून सोंग आहे. शाळेत रुजू झाले, पण तीन आठवड्यांत रजेवर आले, आणि आता राजीनामा देतो म्हणतात. भरपाईचा दावा चालू आहे. हे डोक्याच्या माराचे आहे की मनाचे? ते पूर्वीसारखे होतील का? मला कोणाला विचारावे कळत नाही."

ताई,

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देते, कारण त्यासाठी आपण फार दिवस थांबला आहात. पत्रावरून निदान करता येत नाही, ते तपासूनच करावे लागते; पण आपण जे लिहिले आहे ते वाचून मला असे वाटते की हे डोक्याच्या माराचेही आहे आणि मनाच्या आघाताचेही आहे. अपघात एक झाला, जखमा दोन झाल्या, आणि त्यातली प्रत्येक जखम दुसरीला भरून येऊ देत नाही. हे सोंग नव्हे. रात्री अडीच वाजता, कोणी बघत नसताना, महिनोन्महिने कोणी सोंग करीत नाही.

आधी डोक्याच्या मारासंबंधी सांगते, कारण वरून दिसत नसल्यामुळे त्याचाच विसर घरच्यांना लवकर पडतो. कवटी बाहेरून गुळगुळीत असते, पण आतून, कपाळाच्या मागे आणि कानशिलांच्या आत, तिच्या तळाशी हाडांचे उंचसखल कंगोरे असतात. जिवंत मेंदू खरवसासारखा मऊ असतो. वेगात असलेले डोके रस्त्यावर आपटून एकाएकी थांबते, तेव्हा आतला मेंदू पुढे सरकून नेमका या कंगोऱ्यांवर घासला जातो, आणि म्हणून मार कुठूनही बसलेला असला तरी कपाळामागचा आणि कानशिलामागचा भाग बहुतेक वेळा दुखावतो. याखेरीज मेंदूच्या एका भागाला दुसऱ्या भागाशी जोडणारे अतिशय बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. ही इजा साध्या सी.टी. स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसतही नाही. "रिपोर्ट आता नॉर्मल आहे" असे आपल्याला कोणी सांगितले असेल, तर त्याचा अर्थ रक्तस्राव किंवा सूज उरलेली नाही एवढाच धरावा.

कपाळामागचा हा भाग काय काम करतो, ते आपल्याच घरातल्या प्रसंगांवरून समजेल. आलेला राग गिळणे, तोंडावर आलेला शब्द परत घेणे, दोन गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवणे, ठरवलेले काम कोणी न सांगता सुरू करणे, आणि आपल्या बोलण्याने समोरच्याचा चेहरा पडला हे ओळखणे. पूर्वीही त्यांना राग येत असेलच. पण तो आल्यापासून ताट हातात घेईपर्यंत मध्ये एक क्षण होता, आणि त्या क्षणात ते स्वतःला आवरीत होते. इजा झाली आहे ती त्या क्षणाला. डोक्यात राख घालून घेणारा माणूस आणि डोक्याला मार लागलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून जाऊबाईंचा गैरसमज होतो.

घरात डिस्चार्ज कार्ड असेल ते काढून पाहा. त्यावर जी.सी.एस. अशा अक्षरांपुढे ३ ते १५ च्या दरम्यानचा एक आकडा लिहिलेला सापडेल. शुद्धीची ही मोजपट्टी १९७४ साली ग्लासगो येथील दोन डॉक्टरांनी तयार केली आणि आज ती बहुतेक सगळीकडे वापरतात. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याखाली गंभीर. सहा दिवसांची बेशुद्धी पाहता आकडा कोणता असेल याचा अंदाज येतो. हा कागद जपून ठेवा. पुढे डॉक्टरांकडे, शाळेकडे आणि भरपाईचा दावा चालतो त्या न्यायाधिकरणात तो लागणार आहे.

जाता जाता एक विचारते. फोडणी करपली किंवा दूध उतू जाऊन जळले, तर त्यांना वास येतो का? नाकातून मेंदूकडे जाणारे वासाचे बारीक तंतू कपाळामागच्या हाडाच्या चाळणीतून वर जातात, आणि अशा मारात ते तुटण्याचा संभव असतो. बरेच रुग्ण वास येईनासा झाल्याचे स्वतःहून सांगत नाहीत; नुसते "जेवणाला चव नाही" म्हणतात, आणि घरातील बाईला वाटते की आपल्या हाताला नावे ठेवतात. वास येत नसेल तर ते घरात एकटे असताना गॅसचा कॉक बंद ठेवा.

आता दुसरी जखम. जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर दचकणे, झोप उडणे, ती जागा टाळणे हे काही आठवडे कोणालाही होते. ते महिन्याहून अधिक काळ राहिले आणि संसार, नोकरी, झोप यांत शिरले, तर त्याला आघातोत्तर तणावाचा विकार, डॉक्टरांच्या बोलण्यात पी.टी.एस.डी., म्हणतात. नको असताना तो प्रसंग किंवा त्याची भीती परत परत अंगावर येणे, त्याची आठवण देणारी माणसे, रस्ते, विषय टाळणे, मन बधिर होणे किंवा स्वतःला दोष देत राहणे, आणि शरीर सदैव पहाऱ्यावर असल्यासारखे ताठ राहणे, ही त्याची लक्षणे. आपल्या पत्रात ही चारही आहेत.

आपल्या घरात जो वाद चालला आहे, तो वैद्यकशास्त्राने शंभर वर्षांपूर्वी घातलेला आहे. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्यातून परतलेले सैनिक थरथरू लागले, बोलेनासे झाले, झोपेतून ओरडत उठू लागले. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांविषयी लिहिताना 'शेल शॉक' हा शब्द वापरला, आणि लगेच प्रश्न उभा राहिला, की स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला इजा झाली आहे, की भीतीने मन मोडले आहे, की लढायचे नाही म्हणून हे ढोंग आहे? तिन्ही बाजूंनी हिरिरीने बोलणारे लोक होते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या विकाराला आजच्या नावाने आपल्या निदान-पुस्तिकेत स्थान दिले ते १९८० साली. मेंदू की मन, या प्रश्नात एकाचीच निवड करायची नसते, आणि एकाच माणसाला दोन्ही होऊ शकते, हे मान्य होण्यास इतका काळ लागला. तेव्हा सासूबाईंना आणि जाऊबाईंना चौदा महिन्यांत ते उमगले नाही, याबद्दल त्यांच्यावर फार रागावू नका.

"काहीच आठवत नाही, मग भीती कसली?" हे कोडे आपल्याला सर्वांत जास्त छळत असावे, असे पत्रावरून वाटते. धडक बसल्या क्षणापासून पुढे कितीतरी दिवस त्यांच्या मेंदूत आठवण नोंदवण्याचे कामच बंद होते. ती पाने फाटलेली नाहीत, ती लिहिलीच गेली नाहीत, म्हणून कितीही आग्रह केला तरी ती परत मिळणार नाहीत. पण भीती शिकण्याची सोय मेंदूत वेगळी आहे. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी १९११ साली एक अनुभव नोंदवला आहे. त्यांची एक रुग्ण बाई काही मिनिटांपूर्वी भेटलेला माणूसही ओळखत नसे. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. पुढे त्यांनी हात पुढे केला तेव्हा ती त्यांना ओळखत नव्हती, टोचल्याचे तिला आठवत नव्हते, तरी तिने हात मागे घेतला. का, ते तिला नीट सांगता आले नाही. आपले पती ट्रकच्या ब्रेकची फुस्स ऐकून घामाघूम होत असतील, तर ते त्या बाईसारखेच आहे. त्यात आणखी भर पडते ती अतिदक्षता विभागातल्या तुटक आठवणींची, जिथे नळी घशात आणि हात पलंगाला बांधलेले असताना मध्येच शुद्ध येते. मित्र गेल्याचे कोणीतरी सांगितले त्या घटकेची. आणि लोकांच्या बोलण्यावरून त्यांनी मनात स्वतः रचलेल्या अपघाताच्या चित्राची. हे रचलेले चित्र खऱ्या आठवणीइतकेच छळते. म्हणून मोटारसायकलचा चेंदामेंदा झालेला फोटो ज्यांच्या मोबाईलमध्ये असेल, त्यांना तो यांना दाखवू नका असे स्पष्ट सांगा, आणि "आठवून बघ की जरा" हे वाक्य घरात बंद करा.

आता माझे सगळ्यात महत्त्वाचे सांगणे. एक दोनशे पानी वही घ्या आणि दोन आठवडे रोज चार गोष्टी लिहा : किती वाजले होते, त्याच्या आधी अर्धा तास काय चालले होते, काय झाले, आणि त्यानंतर ते कसे होते. मत लिहू नका, दिसले तेवढेच लिहा. "आज पुन्हा भडकले" असे न लिहिता, "संध्याकाळी सात. टी.व्ही. चालू, कुकरच्या शिट्ट्या, मुलगी फीबद्दल विचारत होती, दारात दूधवाला. ओरडले. आत जाऊन पडले. आठ वाजता उठले, काही झालेच नाही असे बोलले," असे लिहा. किंवा, "सकाळी दहा. घरात शांत. बाहेर डंपर थांबला. वर्तमानपत्र हातातून पडले, दाराकडे बघत राहिले, तोंड पांढरे. विचारल्यावर अंगावर आले."

या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या की फरक दिसतो. पहिली मेंदूच्या थकव्याची आहे. दुखावलेल्या मेंदूला साध्या गोष्टीलाही दुप्पट श्रम पडतात. दिवस कलता कलता तो रिकामा होतो, आणि त्यात तीन-चार आवाज एकदम आले की बांध फुटतो. हा राग संध्याकाळी, गर्दीत, घाईत जास्त येतो आणि तासभर अंधाऱ्या खोलीत पडल्यावर उतरतो. दुसरी नोंद भीतीची आहे. ती दिवसाच्या कोणत्याही वेळी, ताज्यातवान्या अवस्थेतही येते. आधी शरीर बदलते, नजर दाराकडे जाते, श्वास वर चढतो, आणि राग त्यामागून येतो. सगळ्याच नोंदी इतक्या स्वच्छ नसतील. दुःस्वप्नाने रात्रीची झोप मोडली की दुसऱ्या दिवशी मेंदू दुपारीच थकतो. थकला की आवर सुटतो. ओरडून झाल्यावर अपराधी वाटते, आणि त्या रात्री पुन्हा झोप येत नाही. शिवाय भीतीला "थांब, आता धोका नाही" असे समजावण्याचे काम मेंदूचा जो भाग करतो, तोच नेमका कपाळामागे आहे. म्हणूनच एकाच जखमेवर इलाज करून भागत नाही.

थकव्याचा राग दिसला तर वाद घालू नका, समजूतही काढू नका, टी.व्ही. बंद करा, एका वेळी एकानेच बोला, आणि विषय उद्या सकाळवर टाका. महत्त्वाची बोलणी सकाळीच करा. थकल्यावर नव्हे, थकण्याच्या आधी वीस मिनिटे पडण्याची सवय त्यांना लावा; वही तुम्हाला ती वेळ सांगेल. भीतीचा झटका दिसला तर समोर, हातभर अंतरावर थांबून हलक्या आवाजात सांगा, "आपण घरी आहोत, आज मंगळवार आहे, बाहेर डंपर उभा आहे, मी इथे आहे." पाय जमिनीवर टेकवायला, थंड पाण्याचा तांब्या हातात धरायला सांगा. मागून खांद्यावर हात ठेवू नका. रात्री दचकून उठल्यावर त्यांना गदागदा हलवू किंवा मिठी मारू नका. आधी दिवा लावा, लांबून नावाने हाक मारा.

ताटाविषयी मात्र मी मऊपणाने लिहिणार नाही. मेंदूची इजा ते का घडले हे सांगते; ते सोसत राहण्याचे बंधन ती आपल्यावर किंवा मुलीवर घालत नाही. आवाज चढला की आपण दोघींनी खोलीबाहेर जायचे, आणि गरज पडली तर कोणाच्या घरी जायचे, हे आजच ठरवून ठेवा. ते शांत असताना त्यांनाही हे सांगा, धमकी म्हणून नव्हे, घराचा नियम म्हणून. हात उगारला गेला तर ११२ हा क्रमांक लावण्यात कोणताही द्रोह नाही. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइनही आहे. आणि मुलीला जवळ बसवून सांगा, की बाबांच्या मेंदूला मार लागला आहे, तो दिसत नाही, तुझ्यामुळे ते चिडत नाहीत. नववीतली मुलगी हे समजू शकते, आणि न सांगितले तर ती स्वतःलाच कारण समजते.

"मी का वाचलो" हे वाक्य मला सर्वांत गंभीर वाटते. त्यांना सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट पुष्कळ माणसांना कोणीतरी विचारल्याने हायसे वाटते. आवर घालण्याची शक्ती दुखावलेली असताना मनात आलेला विचार आणि कृती यांच्यातले अंतर कमी असते, म्हणून घरात, गोठ्यात, शेतातल्या खोपीत असलेले फवारणीचे औषध आजच हलवा, कुलपात ठेवा किंवा भावकीतल्या दुसऱ्या घरी द्या, आणि गोळ्यांची पाकिटे आपल्या ताब्यात घ्या. ते हो म्हणाले, किंवा उत्तरच दिले नाही, तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात न्या. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. आपणही आपल्यासाठी तो लावू शकता.

हेल्मेटचे ओझे "तुमची काही चूक नाही" असे शंभरदा सांगून उतरत नाही, हे आपण अनुभवले असेलच. त्यांना ते पूर्ण बोलू द्या, मध्ये तोडू नका. मित्राच्या घरी जाण्याची घाई करू नका. त्या वहिनींची तयारी आहे का, हेही पाहावे लागेल. उपचार सुरू झाल्यावर, मानसशास्त्रज्ञांच्या मदतीने, ते आधी एक पत्र लिहू शकतील. ते पाठवायचे की नाही हे नंतर ठरवता येते.

उपचारांसाठी तीन व्यक्ती लागतील. डोक्याच्या माराकडे पाहणारे न्यूरोसर्जन किंवा न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ, आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापासून करा. पुण्यात सरकारी आणि खासगी, दोन्ही ठिकाणी पुढची सोय आहे, आणि बेंगळूरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरील राष्ट्रीय संस्थेत अशा रुग्णांच्या स्मरण, लक्ष, निर्णय यांच्या तपासण्या आणि पुनर्वसन हे काम अनेक वर्षे चालते. मेंदूची ही सविस्तर मानसशास्त्रीय चाचणी मागून घ्या. भरपाईच्या दाव्यातही तिचा अहवाल आपल्या वकिलांना द्या, कारण एक्स-रेत हाड दिसते, विसर दिसत नाही.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी विचारा. फिट येऊ नये म्हणून डोक्याच्या मारानंतर लेव्हेटिरॅसिटॅम नावाचे औषध बऱ्याचदा देतात, आणि काही रुग्णांत त्यानेच चिडचिड वाढते. ते चालू असेल तर डॉक्टरांना वही दाखवून पर्याय आहे का ते विचारा, पण स्वतःहून एक गोळीही बंद करू नका, कारण एकदम बंद केल्याने फिट येऊ शकते. दुसरे, झोपेसाठी अल्प्राझोलॅमसारखी गोळी कोणी लावून दिली असेल तर तेही सांगा. अशा गोळ्या दुखावलेली स्मृती आणखी मंदावतात आणि आघाताचा विकार बरा करीत नाहीत. त्याही हळूहळूच कमी कराव्या लागतात. आघाताच्या विकारासाठी सर्ट्रालीनसारखी औषधे उपयोगी पडतात. पण खरा गुण येतो तो आघातावर केंद्रित मानसोपचारांनी, ज्यांत टाळलेल्या गोष्टींना सुरक्षित जागी, बेताबेताने सामोरे जायला आणि अपराधाचे विचार तपासून पाहायला शिकवतात, डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ई.एम.डी.आर. ही पद्धतही अनेक ठिकाणी वापरतात. डोक्याला मार लागलेल्यांना या उपचारांचा उपयोग होत नाही असे नाही. फक्त बैठक छोटी ठेवावी लागते, आणि काय ठरले ते कागदावर लिहून द्यावे लागते. तशी विनंती करा.

दारू अजिबात नको. ती झोप बिघडवते आणि फिटचा धोका वाढवते. न्यूरॉलॉजिस्ट परवानगी देईपर्यंत मोटारसायकलही नको. फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा आणि चप्पल हुंगवत बसू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालयात न्या. डोकेदुखी अचानक वाढली, वरचेवर उलट्या झाल्या किंवा माणूस सुस्तावू लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

सासूबाईंची श्रद्धा मोडायला जाऊ नका. देवळात त्यांना घेऊन जावे, अंगारा लावावा, आईच्या जिवाला तेवढाच आधार. पण उपाशी ठेवणे, धुरी देणे, मारणे असले काही कोणी सुचवले तर ठाम नकार द्या. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे, आणि या माणसाच्या डोक्याला आणखी एक धक्का परवडणारा नाही.

विसरण्यावर एक उपाय त्यांच्याच व्यवसायात आहे. जन्मभर त्यांनी रोज सकाळी फळ्याच्या वर तारीख, वार, सुविचार, पट आणि हजर संख्या लिहिली आहे. ही सवय बहुधा शाबूत असेल, कारण हाताला बसलेली कामे नव्या गोष्टींपेक्षा जास्त टिकतात. स्वयंपाकघराच्या दाराशी एक छोटा फळा लावा आणि सकाळी तो त्यांनाच लिहू द्या : तारीख, वार, आजची औषधे, आजची तीन कामे. झालेल्या कामापुढे त्यांनी खूण करायची. "सकाळीच सांगितलं होतं ना" हे वाक्य उच्चारण्याऐवजी फळ्याकडे बोट दाखवता येते, आणि दोघांचाही मान राहतो.

राजीनामा त्यांना देऊ देऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेला काढून टाकता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही; आधीचे काम जमत नसेल तर तेवढ्याच वेतनाच्या दुसऱ्या पदावर नेमावे लागते, आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे त्याच्यासाठी जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवावे लागते. जिल्हा परिषदेला हे लागू आहे. पण स्वतः दिलेल्या राजीनाम्यानंतर हा आधार हातातून जातो. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागेल. त्याचा अर्ज करून ठेवा. तीन आठवड्यांत ते परत आले यात त्यांचा कमकुवतपणा मला दिसत नाही. चाळीस मुलांचा वर्ग हा दुखावलेल्या मेंदूसाठी संध्याकाळच्या त्या स्वयंपाकघराच्या दसपट आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांच्या पत्रासह, काही तास आणि वर्गाबाहेरच्या कामापासून सुरुवात मागा.

राहिला शेवटचा प्रश्न, पूर्वीसारखे होतील का. १८४८ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात फिनिअस गेज या रेल्वेच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार कपाळामागचा मेंदू भेदून डोक्यातून बाहेर पडली. तो वाचला, पण त्याच्या ओळखीचे लोक म्हणू लागले की हा आता गेज राहिला नाही. आपण लिहिलेले वाक्य हेच आहे. पुस्तकांत त्याची गोष्ट बहुधा इथेच थांबते. पण पुढे तो चिली देशात गेला आणि तिथे कित्येक वर्षे घोड्यांची टपालगाडी हाकत होता. वेळापत्रक पाळणे, घोडे सांभाळणे, उतारूंशी नीट वागणे, हे सगळे त्याने केले. रोज तेच, ठरलेल्या क्रमाने करावयाच्या कामाने त्याला पुष्कळसे सावरले, असे अभ्यासकांचे मत आहे.

मेंदूची सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत वेगाने होते, दोन वर्षांपर्यंत ठळक दिसते, आणि त्यानंतरही संथपणे चालू राहते. आपण चौदाव्या महिन्यात आहात. आघाताच्या विकाराला तर अशी मुदतच नाही. तो वर्षांनंतरही उपचारांनी हटतो, आणि तो हटला, झोप सुधारली, की मेंदूच्या जखमेचा वाटा किती होता हे स्पष्ट दिसू लागते. तो बहुधा आज वाटतो त्यापेक्षा कमी निघेल. तरीही काही गोष्टी परत येणार नाहीत, असे मला प्रामाणिकपणे वाटते. गेलेल्या माणसासाठी रडायला सुतक असते, माणसे येतात; समोर बसून जेवणाऱ्या माणसातले जे गेले त्यासाठी रडायला आपल्याला कोणी वेळ दिलेला नाही. उलट "जिवावरचे बोटावर निभावले, नशीब समज" असे ऐकून घ्यावे लागते, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसावा लागतो. आपल्या एवढ्या मोठ्या पत्रात स्वतःविषयी एकच ओळ आहे, तीही "मला कोणाला विचारावे कळत नाही" अशी. आठवड्यातून दोन तास आपण घराबाहेर असाल अशी व्यवस्था करा. जाऊबाईंनाच त्या दोन तासांसाठी बसायला सांगा आणि वही त्यांच्या हातात द्या. दोन रविवार त्यांनी स्वतः नोंदी केल्या की सोंग हा शब्द त्या पुन्हा उच्चारतील असे मला वाटत नाही.

पहिल्या भेटीसाठी सकाळची वेळ मागा. महामार्ग टाळून जाणारा जुना रस्ता असेल तर त्याने जा, वेळ लागला तरी चालेल. गाडीत त्यांना मागच्या सीटवर बसवा आणि निघण्यापूर्वी कुठून जाणार, कुठे थांबणार ते फळ्यावर लिहून दाखवा. सोबत डिस्चार्ज कार्ड, स्कॅनच्या फिल्म, चालू गोळ्यांची पाकिटे आणि ती वही घ्या, आणि डॉक्टरांना आपल्याशी एकटीशी दहा मिनिटे बोलायला सांगा. ताटाचा प्रसंग तेव्हा सांगता येईल.